भार उतरत्या क्रमाने

मला हळदीला जायचंच नव्हतं. मला सही हवी होती. अंगावर पिवळी साडी, पाठीला सॅक, सॅकमध्ये प्रबंधाची विटेएवढी जाड प्रत, आणि जेसल पार्कच्या कोपऱ्यावर रिक्षावाल्याशी हुज्जत, असा माझा अवतार होता. "मोरवा गाव? उधर से सवारी नहीं मिलती, मॅडम." मी म्हटलं, "भैया, आज मेरे साथ बहस मत करो, आज मेरा दिन खराब है." माझा चेहरा बघून तो मुकाट्याने मीटर टाकून निघाला.

मी मृणालिनी साटम. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि इतकी वर्षं तात्पुरती आहे, की मधल्या काळात स्टाफरूमचे पंखे बदलले, प्रिन्सिपल बदलले, मी आपली तात्पुरतीच. पुढच्या महिन्यात कायम जागेचा इंटरव्ह्यू होता. त्याला पीएच.डी., निदान प्रबंध सादर केल्याची पावती तरी लागते. माझा प्रबंध लिहून, बाइंडिंग होऊन तयार होता. राहिली होती फक्त गाईडची सही. आणि माझे गाईड, मोरव्याचे दत्ताराम म्हात्रे सर, दुसऱ्या दिवशी सत्तर पूर्ण करणार होते. आमच्या विद्यापीठात सत्तरीनंतर गाईडची सही चालत नाही. म्हणजे आज सही झाली तर झाली. नाहीतर नवा गाईड शोधा, त्याच्या दारात चपला झिजवा, आणि इंटरव्ह्यूला हात हलवत जा.

एवढंच असतं तर मी नाचत गेले असते. भानगड अशी होती की प्रबंधाचा चौथा भाग चुकलेला होता, आणि ते या जगात फक्त मला माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती.

चौथ्या भागात काय आहे ते सांगते, घाबरू नका. समजा रोज एक आकडा येतो. कालच्या आकड्याचा आजच्याशी काही संबंध नाही, प्रत्येक जण आपापल्या मर्जीचा मालक. प्रत्येकाला एक भार दिलाय, कुणाला कमी, कुणाला जास्त. भारासकट सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण भाराने भागायचं. असं रोज करत गेलं तर ही सरासरी शेवटी एका जागी टेकते का, आणि टेकायला भार कसे असावे लागतात? झालं. एवढ्या प्रश्नावर माझी अर्धी जवानी गेली. निहार, म्हणजे माझा नवरा, लोकांना सांगतो की बायको सरासरीवर संशोधन करते. लोक विचारतात, सरासरीत काय संशोधन करायचं? तो म्हणतो, मीही तेच विचारतो.

या प्रश्नावर सरांचा एक लेमा आहे. लेमा म्हणजे छोटं प्रमेय, मोठ्या प्रमेयाच्या पायाखाली घालायची वीट. तरुणपणी सरांनी तो बाहेरच्या एका नावाजलेल्या जर्नलमध्ये छापला. त्या लेखाचं पहिलं पान मोरव्याच्या घरात, दिवाणखान्यात, काच लावून भिंतीवर आहे. पुष्पलता काकू, सरांच्या बायको, दर दसऱ्याला त्याला हार घालतात. माझा चौथा भाग या लेमावर उभा आणि पाचवा चौथ्यावर.

गेल्या आठवड्यात मी चौथ्या भागात शोभेला म्हणून एक आलेख टाकायला बसले. भार कसे घ्यायचे? सहज म्हणून असे घेतले, की पुढचा भार मागच्यापेक्षा किंचित जड. आकडे असे घेतले, की बहुतेक बारके, पण क्वचित एखादा अवाढव्य. लेमाच्या सगळ्या अटी पाळल्या होत्या. आलेखाने शहाण्यासारखं एका रेषेवर येऊन टेकायला हवं होतं. तो टेकायचा, आणि मेला पुन्हा उडायचा. मी लॅपटॉपला शिव्या घातल्या. प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. पुन्हा उडाला. शेवटी वैतागून सरांच्या लेमाची सिद्धता काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. सरांचा लेमा कोण तपासतं? सूर्य उगवला का, हे कोणी उठून तपासतं का?

तिसऱ्याच ओळीत ते होतं. "विदाऊट लॉस ऑफ जनरॅलिटी, भार उतरत्या क्रमाने घेऊ." म्हणजे सर्वांत जड आधी, मग त्याखालचा, मग त्याखालचा. असं धरून चालू, काही बिघडत नाही.

बिघडतं. कुठल्याही एका दिवशी हिशेब केला तर बिघडत नाही, कारण आधी कोण आणि मागून कोण, बेरीज तीच येते. पण आमचा प्रश्न एका दिवसाचा नाहीच. सरासरी रोज बघायची, शेवटपर्यंत. जड मंडळी आधीच येऊन बसली असतील तर मागून येणारी हलकी माणसं काही उलथापालथ करू शकत नाहीत, म्हणून सरांची सिद्धता सुरळीत चालते. जड भार मागून येत राहिले तर टेकलेली सरासरी पुन्हा पुन्हा उडते. सरांनी क्रम बदलला, आणि त्याबरोबर प्रश्नच बदलला.

मी सरांना फोन केला. "सर, लेमाच्या तिसऱ्या ओळीबद्दल बोलायचंय. क्रम बदलणं चालत नाही असं वाटतं." पलीकडे त्यांनी आधी कोणाला तरी दोरी घट्ट बांधायला सांगितलं. मग म्हणाले, "हां. बघू. इकडे मांडव घालतायत." त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं, चांदणीचं लग्न होतं. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला, तर आचारी आला होता. पुन्हा केला, तर मंडपवाल्याने खुर्च्या कमी पाठवल्या होत्या. शेवटच्या फोनला म्हणाले, "असं कर, हळदीला ये. निवांत बोलू." हळदीला निवांत. आगऱ्यांच्या हळदीला. त्या डीजेच्या पुढे मनातल्या मनात बोललेलं स्वतःलासुद्धा ऐकू येत नाही.

खरं सांगते, मला एवढंच हवं होतं की सरांनी म्हणावं, "मृणालिनी, तुझंच चुकलंय," आणि कुठे चुकलंय त्यावर बोट ठेवावं. मी आनंदाने मूर्ख ठरले असते, सही घेतली असती आणि जेवून घरी आले असते.

निघताना निहार म्हणाला होता, "सही घे आणि ये. बाकी कोणाला कळणारे?"

"मला कळलंय ना," मी म्हटलं.

"तुला कळलंय, पण तू कायम नाहीयेस," तो म्हणाला. माणूस वाईट नाही, पण कधीकधी असं बोलतो की पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटते.

मोरव्यात गल्लीच्या तोंडापासूनच मांडव होता. अंगणात धवलारीण, म्हणजे लग्नाची जुनी गाणी म्हणणारी बाई, डोळे मिटून गात होती आणि मागे डीजेवाला तिचं कधी संपतंय याची वाट बघत उभा होता. काकूंनी मला दारातच धरलं. "आली गो बाय. किती वाळली हाय. बस, आधी खा."

"काकू, सरांशी जरा काम होतं."

"काम कुठं पलून जातंय? खा."

सर मांडवाच्या मध्यावर होते. पांढरा झब्बा, हातात माइक. घरातलं सगळ्यात कर्तं माणूस म्हणून हळदीचा कारभार त्यांच्याकडे. मी गर्दीतून वाट काढत पोचले. "सर, दोन मिनिटं." त्यांनी माझ्या सॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "आधी हळद," म्हणाले.

म्हात्र्यांकडे हळदीची एक रीत आहे. पहिल्यांदा मुलीचा मामा. तो वयाने धाकटा का असेना, त्याच्याआधी कोणी हळदीला हात लावत नाही. त्याच्यानंतर घरातलं सगळ्यात थोरलं माणूस, मग त्याच्याखालचं, असं उतरत उतरत शेवटी शेंबडी पोरं. आज पंचाईत अशी झाली होती, की रघूमामा आले नव्हते. ते नवघरला राहतात, म्हणजे रुळांच्या पलीकडे, आणि पुलावर गाड्या अडकल्या होत्या. चांदणी पाटावर बसून बसून कंटाळली होती. आचारी भाताचं विचारत होता. सरांनी घड्याळ बघितलं आणि माइकवर जाहीर केलं, "मामा येल तवा लावेल. काय बिघडत न्हाय. सरूबाईला आना."

सरूबाई म्हणजे घरातली सर्वांत थोरली. तिला खुर्चीसकट उचलून आणलं. तिने थरथरत्या बोटांनी चांदणीच्या गालाला हळद लावली, आणि मग सर माइकवर एकेक नाव पुकारत गेले. तासभर तेच. मी सॅक पोटाशी धरून उभी. पाय दुखत होते, पोटात भूक होती आणि डोक्यात तिडीक. उद्यापासून ज्या सहीला कवडीची किंमत नाही, ती सही करणारा हात माझ्यासमोर माइक धरून शेंबड्या पोरांची नावं पुकारत होता.

चांदणी गळ्यापर्यंत पिवळी झाली, आणि रघूमामा आले. सफारी, घामाघूम, हातात आहेराचं ताट. त्यांनी भाचीकडे बघितलं. ताट रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, मागे वळले आणि मांडवाच्या बाहेर आपल्या मोटारसायकलवर जाऊन बसले. गाडी चालू केली नाही, नुसते बसून राहिले. चांदणीची आई पदराने डोळे पुसायला लागली. धवलारीण थांबली. इतका वेळ हात शिवशिवत असलेला डीजेवालासुद्धा गप्प राहिला.

सर माइक घेऊनच त्यांच्यामागे गेले. तोंडासमोर धरलाय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं. "रघू, असा काय करतोस? लावनारे तेवढेच हायेत, हलद तेवढीच हाय. तू आधी लावली काय न् मागून लावली काय, शेवटी पोरीच्या अंगाला सगळी मिलून एकच ना?"

रघूमामा म्हणाले, "भाऊ, शेवटाचं कोन इचारतंय? मी आलो तवा काय होतं, ते बोला."

माझ्या डोक्यातली उरलीसुरली तार तिथे तुटली. आठवडाभर फोनवर मांडव, आचारी आणि खुर्च्या ऐकून घेतल्या होत्या. मी गर्दी बाजूला सारत गेले. "सर, हेच. हेच तुम्ही लेमात केलंय. बेरीज तीच, मग क्रमाला काय अर्थ, असं धरून चाललात. पण जड माणूस मागून आला की आधीचं सगळं मोडतं. तिसरी ओळ चुकलीय, सर. लेमा चुकलाय. तुम्हाला सांगून सांगून मी थकले."

माइक सरांच्या हातात होता आणि माझं तोंड माइकजवळ. लेमा चुकलाय, हे मोरव्याच्या शेवटच्या घरापर्यंत गेलं असणार. लेमा म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण दत्ताभाऊंना कोणीतरी तोंडावर चुकलात म्हटलं, एवढं सगळ्यांना बरोबर समजलं. काकू ताट हातात घेऊन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की बरं झालं, एकदाचं बोलले.

सरांनी माइक खाली केला. बटण शोधून बंद केला. मग काकूंना म्हणाले, "पोरीला न्हाऊ घाला. परत सुरू करू, मामापासून."

चांदणी पाटावरून उठली. "मोठे काका, आता मी सोलून निघेन," ती म्हणाली, आणि पाय आपटत आत गेली. रघूमामा मोटारसायकलवरून उतरले.

सर मला घरात घेऊन गेले. बाहेर बायका पाणी तापवत होत्या, नवी हळद कालवत होत्या. आम्ही दिवाणखान्यात बसलो, नेमके त्या काचेखाली.

"दाखव," ते म्हणाले.

मी सॅकमधून कागद काढले. भार कसे घेतले, आकडे कसे घेतले, कुठे उडतं, सगळं मांडायला लागले. ते माझ्या कागदाकडे बघतच नव्हते.

"उदाहरण बरोबर आहे," ते म्हणाले. "जरा लांबलंय. याहून सोपं होतं."

"म्हणजे?"

"तू पहिला फोन केलास ना, तो ठेवल्यावर लगेच बसलो. चहा निवायच्या आत मिळालं."

मला कळेना, हसावं की समोरचा तांब्या फेकून मारावा. "आणि मग आठवडाभर मला खुर्च्या सांगत बसलात?"

"वाट बघत होतो," सर म्हणाले. "तू गप्प बसतेस का, याची. फोनवर तू 'असं वाटतं' म्हणालीस. वाटण्याला मी उत्तर द्यायला बांधील नाही. तू आज नुसती सही मागितली असतीस, तर मी केली असती. तुझी जागा पक्की झाली असती, माझं पान भिंतीवर राहिलं असतं. मला चाललं असतं ते. खोटं कशाला बोलू."

"मग आता करा."

"आता तू बोललीस."

"सर, बाहेर कोणाला काय कळलंय? कोणाला लेमा कळतो?"

"मला कळलंय ना," ते म्हणाले.

माझंच वाक्य. निघताना मी ज्या तोऱ्यात निहारच्या तोंडावर मारलं होतं, तेच. फरक इतकाच, की ते बोलताना सरांच्या आवाजात तोरा नव्हता. ते नुसते दमलेले दिसत होते.

आणि मग मी जे केलं, ते करेन असं मला स्वतःला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मी काही बोललेच नाही समजा. मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. चौथा भाग आहे तसा राहू दे. कोण वाचतंय? नंतर सुधारू. एकदा कायम झाले की मी स्वतः बसून सुधारते. सही करा, सर. मी पाया पडते."

खरोखर वाकले मी. त्यांनी पाय मागे घेतले.

"असं धरून चालू?" त्यांनी विचारलं. "काही बिघडत नाही?"

मी सरळ झाले, आणि मला आला तो निव्वळ संताप. त्यांच्यावरचा, माझ्यावरचा, त्या उडणाऱ्या आलेखावरचा. मी शोभेसाठी दुसरा कुठलाही भार घेतला असता तर आज सही घेऊन, भात खाऊन घरी गेले असते.

सरांनी माझी प्रत मांडीवर घेतली. चष्मा लावला. खिशातलं पेन काढलं. क्षणभर, शपथेवर सांगते, मला वाटलं की पाघळले. पहिलं पान त्यांनी उघडलं, ज्याच्या तळाशी त्यांच्या नावासमोर कोरी जागा होती. तिथे थांबले. मग पानं उलटत गेले, चौथ्या भागापर्यंत. त्यांचा लेमा मी अख्खा उतरवला होता, सिद्धतेसकट. तिसऱ्या ओळीवर त्यांनी पेन टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळ खोडली. पट्टी ठेवल्यासारखी सरळ.

आणि मग, कुठल्याही कागदावर खाडाखोड केली की शेजारी करतो तशी, समासात त्यांनी सही केली. पूर्ण नाव, दत्ताराम म्हात्रे, खाली आजची तारीख.

"जर्नलला मी आज लिहितो," ते म्हणाले. "की लेमा चुकीचा आहे आणि तो मृणालिनी साटम यांनी मोडला. तुझं उदाहरण देईन. माझं नाही."

"तुमचं सोपं आहे ना."

"असू दे. तू आधी आलीस."

मी प्रत हातात घेतली; पहिल्या पानावरची सहीची जागा तशीच रिकामी होती. बाइंडिंग कोरं करकरीत होतं, पुठ्ठ्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत. सर खुर्चीवर चढले, काचेचं पान भिंतीवरून उतरवलं आणि कपाटाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. काकू दारात आल्या, तिकडे बघितलं. "पोर न्हाली हाय," एवढंच म्हणाल्या. "चला."

मांडवात चांदणी ओल्या केसांनी पुन्हा पाटावर बसली होती. सरांनी माइकचं बटण चालू केलं आणि पहिलं नाव पुकारलं, रघूचं. फोनवर निहारचा मेसेज येऊन पडला होता: झाली का सही?

मी लिहिलं, झाली. पाठवलं. मग प्रत उघडून समासातली ती सही पुन्हा बघितली आणि जेवणाच्या पंगतीत शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला खूप भूक लागली होती.